बावीस किलोंची होडी

गोणीत बावीस किलो वाळू भरून आत्याने ती खांद्यावर घेतली, शेडच्या दारातून फाटकापर्यंत गेली, तशीच परत आली आणि गोणी दादाच्या पायाशी धपकन टाकून म्हणाली, "एवढी. याच्यावर चमचाभरसुद्धा नको."

दादाने पाय मागे घेतले. "अगं, होडी बांधायची आहे की वाळू विकायची आहे?"

"बावीस किलो उचलून मला चालता येतं. आठ दिवस रोज करून बघितलंय. तेवीसला कंबर बोलायला लागते. तेव्हा होडी बावीसची. बाकी काय ते तुम्ही बोला, मी ऐकते."

'मी ऐकते' हे ती उगाच म्हणाली. एकसष्ट वर्षांत आत्याने कुणाचं ऐकलं असेल तर ते सर्जनचं, आणि तेही तो बरोबर बोलत असेल तरच.

रविवारची सकाळ होती आणि घरातली पाचही माणसं शेडमध्ये जमली होती. घराला लागून असलेली ही शेड म्हणजे दादाचं राज्य. दारं-खिडक्या करण्यात त्याची पन्नास वर्षं गेली होती. सत्तरीतही तो कुणाकडे गेला की आधी दार दोनदा उघडून मिटून बघायचा आणि मग माणसांना 'कसे आहात' विचारायचा. त्याच्या शेजारी बाकावर वहिनी बसली होती, चहाची किटली सांभाळत. पलीकडच्या खोलीत तिचं शिवणकाम चाले, आणि गळ्यातली मापाची टेप ती बहुधा झोपतानाच काढत असावी. समोर भाचा, म्हणजे दादाचा मुलगा. तो प्लायवूडची स्वयंपाकघरातली कपाटं करायचा, ज्यांना दादा 'कागदाची खोकी' म्हणे. आणि भाच्याची बायको, या घराची सून. ती रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती आणि कुठलाही वाद वहीत दोन रकाने आखूनच ऐकायची.

आत्या दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाली होती. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमधली नर्स. निरोपाला मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ तिने त्याच दिवशी वहिनीच्या शिवणखोलीत टांगलं आणि 'आता काय करणार?' असं ज्याने त्याने विचारलं तेव्हा सांगितलं, "होडी बांधणार. कॅनू. दोन्ही टोकं निमुळती असतात, एकटीने वल्हवता येते." घरचे दोन दिवस पोट धरून हसले. तिसऱ्या दिवशी ती होडीचे नकाशे घेऊन आली, आणि हसणं थांबलं. थांबलं ते वाईट झालं. कारण या घराची खोडच अशी, की एखादी गोष्ट पटली की सगळेच्या सगळे मदतीला धावतात, आणि जिची गोष्ट असते ती बिचारी चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभी.

आत्याला ते नको होतं. थिएटरला खिडकी नसते. चौतीस वर्षं दिव्याखाली, हिरव्या कापडाखाली, बाहेर ऊन आहे की ढग हे घड्याळावरून ओळखायचं. तिला आता सकाळी उठून घराजवळच्या तळ्याच्या मधोमध जाऊन बसायचं होतं. मनात आलं की होडी उचलली आणि निघाली. कुणाला हाक मारायची नाही, कुणाच्या सवडीने जायचं नाही. एवढं साधं होतं, पण तिच्यासाठी सगळं त्यातच होतं.

"हे बघ छोटे," दादाने सुरुवात केली. एकसष्टाव्या वर्षीही ती त्याला छोटीच होती. "होडी म्हणजे फळ्या. जुनं, मुरलेलं सागवान. फळीवर फळी चढवायची, तांब्याचे खिळे मारायचे, आतून ठोकून बंद करायचे. पाण्यात गेली की फळ्या फुगतात आणि फटी आपोआप बुजतात. शंभर वर्षं बघायला नको."

"शंभर वर्षं मी तरी कुठे बघणार आहे?" आत्या म्हणाली.

"आणि बाबा, ही होडी पाण्यात राहणारच नाही," भाचा म्हणाला. "घरात भिंतीला टांगलेली राहणार. फळ्या वाळणार, आकसणार. रोज फुगायची वाट बघत आत्याने काठावर बसायचं का? त्यापेक्षा पट्ट्यांची करू. देवदारासारखं हलकं लाकूड, पाव इंचाच्या पट्ट्या, साच्यावर एकीला एक चिकटवत जायचं. वर काचेच्या धाग्यांचं कापड आणि ते कडक बसवणारं रेझिन. अशी दिसते ना आत्या, की लोक वाट सोडून बघायला येतील."

"टोपली विणतोयस की होडी बांधतोयस?" दादा म्हणाला.

"किती दिवस लागतील?" सुनेने वहीतून मान वर न करता विचारलं.

"रोज संध्याकाळी दोन तास धरले तर..." भाचा घुटमळला. "सहा महिने. सात. घासकाम जरा जास्त असतं."

"आपल्या स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाला दार कधी लागणार होतं रे?"

भाच्याने चहात बिस्किट बुडवलं आणि ते बुडून तळाशी गेलं. गावभर कपाटं करणाऱ्या माणसाच्या घरात ते कपाट दोन वर्षं बिनदाराचं होतं. वहिनी खुदकन हसली, आणि बापलेकांचा वाद तिथेच मिटला, कारण दादाही हसला.

"मी सांगू?" सून म्हणाली. "चार मिलिमीटरचा मरीन प्लाय. पाण्यासाठीच केलेला, आतला गोंदही पाण्याला दाद न देणारा. पाच तुकडे कापायचे, एक तळाचा, दोन पोटाचे, दोन बाजूंचे. कडांना भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेने तुकडे एकमेकांना शिवायचे. तार आवळली की होडीचा आकार आपोआप उभा राहतो. मग सांध्यात रेझिन आणि लाकडाचा बारीक भुसा यांची लापशी भरायची, वरून काचेच्या कापडाची पट्टी. वाळलं की तारा कापून टाकायच्या. साचा नको, खिळा नको. वजन वीस-एकवीस."

"शिवायचे?" वहिनीने किटली खाली ठेवली. "म्हणजे खरेच टाके?"

"खरेच टाके, आई. आणि नंतर काढायचे."

आत्याने सुनेकडे पाहिलं. ही मुलगी घरात आली तेव्हा 'फार बोलत नाही' म्हणून आत्याने नाक मुरडलं होतं. आता तिला उठून मिठी मारावीशी वाटली. चौतीस वर्षं टाके बघत, मोजत, सुया हातात देत ती उभी राहिली होती. आवळलेल्या टाक्याचा आवाज तिला झोपेतही कळला असता.

"हेच," ती म्हणाली. "हे मला जमेल. मी स्वतः बांधीन."

"कागदाची होडी!" दादा उसळला. "माझ्या शेडमधून कागदाची होडी निघणार? लोक काय म्हणतील? याला बहीण जड झाली, दिली बुडायला सोडून?"

"बाबा, सागवानाची केली तर पंचेचाळीस किलो भरेल," भाचा हळूच म्हणाला. त्याने पट्ट्यांचा नाद कधी सोडला आणि बायकोच्या बाजूला कधी गेला, हे कुणाला कळलंच नाही.

"भरू दे की. मी आहे, तू आहेस. तिला जायचं असेल तेव्हा दोघं उचलून नेऊ तळ्यापर्यंत. त्यात काय एवढं?"

"तेच मला नकोय, दादा," आत्या म्हणाली.

"काय नकोय?"

"तुम्ही दोघांनी उचलणं. जन्मभर याच्या नाही तर त्याच्या वेळेवर जगले मी. एक वस्तू मला अशी हवी आहे, जी मी एकटी उचलीन. तुझा हातसुद्धा लागायला नको तिला."

शेवटचं वाक्य तिला तसं म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. दादाचा चेहरा पडला. त्याने कप बाकावर ठेवला, एक पटाशी उचलली, तिची धार बघितली, परत ठेवली. "बरं," तो म्हणाला, "बांधा मग." आणि बाहेर निघून गेला.

"जाऊ दे," भाचा म्हणाला. "संध्याकाळपर्यंत येतील वळणावर."

वहिनीने आत्याच्या दंडाला धरून तिला शेडच्या मागच्या कोपऱ्यात नेलं. तिथे भिंतीला टेकून काहीतरी उभं होतं, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. वहिनीने चादर ओढली. आत सागवानाच्या चार फळ्या होत्या, रुंद, सरळ, मधाच्या रंगाच्या. पहिल्या फळीच्या कडेवर पेन्सिलने लिहिलेलं होतं, 'छोटीची पेटी'. अक्षर वडिलांचं.

या घरची रीत होती, की जो कुणी घर सोडून बाहेर राहायला जाईल त्याला घरच्या हातची पेटी मिळायची. दोन्ही थोरल्या बहिणी पेट्या घेऊन गेल्या. आत्याला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात नोकरी लागली तेव्हा वडिलांनी या फळ्या निवडून काढल्या असणार. जायला आठ दिवस असताना आई जिन्यावरून पडली, कंबर मोडली, आणि आत्या इथल्याच इस्पितळात लागली. जाणं राहिलं आणि पेटीही राहिली.

"चौतीस वर्षं हे सांभाळतायत," वहिनी म्हणाली. "दर वर्षी काढून उलट्या करून ठेवतात, बाक येऊ नये म्हणून. एकदा एक गिऱ्हाईक पाय धरायला आलं होतं या फळ्यांसाठी. त्याला चहासुद्धा विचारला नाही. तू होडीचं काढलंस ना, त्या रात्री मला म्हणाले, आता होईल छोटीचं काहीतरी."

आत्या रडणारी नव्हती, पण पेन्सिलीची ती अक्षरं तिने एकेक करून बोटाने गिरवली आणि ती पुसट दिसायला लागली. भावावर इतका जीव आणि इतका राग तिला एकाच वेळी कधीच आला नव्हता. मग नाक पुसून ती म्हणाली, "तरीपण सागवानाची नको, वहिनी."

"मी कुठे म्हणतेय कर? मी फक्त दाखवलं." वहिनीने चादर नीट गुंडाळली. "आणि कापायच्या आधी ते तुकडे कागदावर कोण काढणार आहे? हा? याला कपाटापलीकडे गोलाई माहीत नाही. मी काढते."

पुढच्या रविवारपर्यंत घरात दुसरा विषय नव्हता. प्लाय आला. आठ फुटी तुकड्यांना तुकडे जोडून चौदा फूट करायचे होते, म्हणून भाच्याने टोकांना लांब उतार देऊन ते एकमेकांवर चिकटवले. सांधा कुठे आहे ते हात फिरवूनही कळेना, तेव्हा तो दिवसभर शीळ घालत हिंडला. वहिनीने शिवणखोलीच्या जमिनीवर कागद पसरून, गुडघ्यावर रांगत, नकाशातले आकडे मांडले आणि खडूने अशी काही वळणं काढली की सूनही वही मिटून बघत राहिली. भाच्याने त्या कागदांबरहुकूम प्लाय कापला. जुन्या वायरींमधून तांब्याची तार सोलून काढली. दादा मात्र अंगणात बसून पटाशांना धार लावत होता. आठवडाभर. त्या पटाशांनी आता दाढी झाली असती.

रविवारी टाके घालायला सुरुवात झाली. आत्याने केस बांधले, बाह्या दुमडल्या, आणि हात पुढे केला. "पक्कड."

भाच्याने पक्कड अलगद तिच्या तळहातावर ठेवली.

"अशी नाही! चापट मारल्यासारखी ठेव. हातात आली हे हाताला कळलं पाहिजे, डोळ्याला नाही. मान वर करायला लावलीस तर पेशंट गेला समज."

"आत्या, हे लाकूड आहे."

"पक्कड!"

फाट्कन पक्कड बसली. "हं," आत्या म्हणाली, आणि पहिली तार पिळली. तळाचा तुकडा आणि पोटाचा तुकडा एकमेकांकडे सरकले. दर सहा इंचांवर एक टाका. "तार. पक्कड. कात्री. पुढची तार." सून भोकं पाडत होती, वहिनी तारा एका मापात कापून देत होती, भाचा चापट्या मारत होता. जन्मभर दुसऱ्याच्या पुढे केलेल्या हातात हत्यार देण्यात गेलं, आणि आज हात आपला, हत्यार देणारे दुसरे. आत्याला हसू आवरेना. ती चक्क गुणगुणायला लागली, आणि तिला गाणं येत नाही हे सगळ्यांना माहीत असूनही कुणी तिला थांबवलं नाही.

अकरा वाजेपर्यंत होडी उभी राहिली. राहिली, पण भाचा डोकं खाजवायला लागला. टोकं जुळत नव्हती. पुढच्या टोकाशी दोन कडा एकमेकांवर चढत होत्या. आणि एकूण होडी जरा... जरा अंगाने भरलेली दिसत होती.

"नकाशात एवढी गोलमटोल नव्हती," सून म्हणाली. तिने टेप लावली, वहीत बघितलं, परत टेप लावली. "प्रत्येक तुकडा अर्धा इंच रुंद आहे. प्रत्येक. इकडून पाव, तिकडून पाव."

"मी कागदावर आखलेल्या रेषेवरच कापलंय," भाचा घाईघाईने म्हणाला.

सगळे वहिनीकडे बघायला लागले.

"मग?" वहिनी म्हणाली. "शिवायचंय ना? शिलाईला जागा नको सोडायला? पाव-पाव इंचच सोडलाय, फार नाही."

मग दाराबाहेरून एक आवाज आला, कुणाला तरी ठसका लागल्यासारखा. दादा. दाराआड तो कधीपासून उभा होता कोण जाणे. तो आत आला, एका हाताने चौकट धरून, आणि हसत हसत वाळूच्या गोणीवर बसला. "फळीला... शिलाईची जागा!" त्याला पुढे बोलता येईना. "अगं, चाळीस वर्षं... सुताराच्या घरात..."

"हसा," वहिनी म्हणाली. "उद्या छोटी जाड झाली तर उसवून मोठी करायला काय ठेवायचं?"

मग मात्र कुणालाच धरवेना. सून वहीत तोंड लपवून हसली, भाचा जमिनीवर बसला, आत्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि शेवटी वहिनी स्वतःच सगळ्यांत जास्त हसली, गळ्यातल्या टेपने डोळे पुसत.

हसणं ओसरल्यावर सुनेने आकडे मांडले. वाढीव प्लाय, त्यावर वाढीव रेझिन, वाढीव कापड. "साडेतेवीसच्या घरात जाते."

आत्याचं हसू मावळलं. "मग उसवू. सगळे टाके काढू. कडा पाव इंच उतरवायच्या."

"करवतीने कापलं तर वरचा पापुद्रा उडेल," भाचा म्हणाला. "रंध्याने काढायला हवं. हळूहळू, जोडीजोडीने एकत्र धरून. एवढी लांब वळणाची कड..." त्याने हात पसरले. "मला नाही जमणार, आत्या. उगाच हो म्हणून बिघडवत नाही."

कोण करू शकेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोणीवर बसलेला माणूस छताकडे बघत होता. आत्या जागेवरच उभी राहिली. आपणच त्याला म्हटलं होतं, तुझा हातसुद्धा लागायला नको. आता गिळायचं म्हणजे किती मोठा घास.

"दादा," ती म्हणाली, "त्या दिवशी मी जास्त बोलले."

"छे."

"बोलले. उचलायची मी एकटीने, त्यात बदल नाही. पण बांधायला तू हवास. पाव इंच काढायचाय. एक केसही कमी नाही, जास्त नाही. काढशील?"

"कागदाला रंधा लावू मी?"

"लाव."

दादा उठला. खुंटीवरचा छोटा रंधा काढला, पातं उन्हाला धरून बघितलं, दोन टिचक्या मारल्या. टाके उसवून झाल्यावर बाजूचे दोन तुकडे एकत्र धरून त्याने क्लॅम्प लावले आणि पहिला हात मारला. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, गोल गोल साल वर आली. दुसरा हात. तिसरा. मग तो थांबला, साल बोटांत चोळून बघितली.

"गोंद बरा वापरलाय," तो म्हणाला. "फार वाईट नाही हे."

बापाच्या तोंडून प्लायवूडबद्दल एवढं ऐकायला भाच्याने दहा वर्षं वाट बघितली होती. त्याच संध्याकाळी त्याने स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाला दार लावलं.

चहाच्या वेळी दादा मागच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाला, "छोटे, तिकडे काही फळ्या आहेत..."

"बघितल्या."

"कुणी दाखवल्या?" त्याने बायकोकडे पाहिलं. वहिनी साखर ढवळत राहिली, तळाशी काही उरलं नसताना.

"पेटी घेऊन मी आता कुठे जाणार?" आत्या म्हणाली. "होडीला वरून कड लागते. बसायला पट्ट्या लागतात. खांद्यावर घ्यायला मधे आडवं लाकूड लागतं. ते सागवानाचं कर. पण वजन, दादा. बावीस म्हणजे बावीस."

"वजन माझ्यावर सोड," दादा म्हणाला, आणि चहा अर्धा टाकून फळ्यांवरची चादर सोडायला उठला.

त्या दिवसापासून वहिनीचा स्वयंपाकघरातला काटा गायब झाला. तो शेडमध्ये होता. पंचेचाळीस किलोंची होडी बांधायला निघालेला माणूस आता एकेक पट्टी तासून काट्यावर ठेवायचा, उचलायचा, अजून चार साली काढायचा, परत ठेवायचा. बसायच्या पट्ट्यांना त्याने खालून पोकळी केली. "दिसत नाही, पण अडीचशे ग्रॅम गेले," असं तो जेवताना सांगायचा. आडव्या लाकडासाठी वहिनीने आत्याच्या खांद्यांचं माप घेतलं, एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत, मानेचा घेर सोडून, आणि या वेळी शिलाईची जागा सोडली नाही.

रेझिनच्या कामावर सुनेचं राज्य. दोन भाग हे, एक भाग ते, थेंबही इकडे-तिकडे नाही. भाच्याने एकदाच घाई केली आणि वेळ वाचवायला मोठ्या कपात भरपूर कालवलं. पाच मिनिटांत कप हातात धरवेना, त्यातून धूर निघायला लागला. "पसरट ताटलीत ओत! बाहेर ने आधी!" सून ओरडली आणि भाचा तो कप घेऊन अंगणात असा पळाला की शेजारी कुंपणाशी येऊन उभे राहिले. सागवान तेलकट असतं, चिकटवण्याआधी ते द्रावणाने पुसून घ्यायला हवं, हेही सुनेनेच सांगितलं. दादा लाकडाबद्दल कुणाचं ऐकत नसे. तो मुकाट्याने फडकं घेऊन पुसत बसला. फक्त पुसून झाल्यावर म्हणाला, "हे मला माहीत होतं," आणि सून म्हणाली, "हो बाबा."

तारा कापल्या, भोकं बुजली, घासून घासून सगळ्यांची बोटं गुळगुळीत झाली. अडीच महिन्यांनी एका शनिवारी आत्या न्हाणीघरातला वजनकाटा अंगणात आणून त्यावर उभी राहिली, आधी नुसती, मग होडी डोक्यावर घेऊन. सुनेने वाकून आकडा वाचला, वजाबाकी केली, परत केली.

"एकवीस किलो नऊशे."

"शंभर ग्रॅम शिल्लक!" दादा ओरडला, एखादी शर्यत जिंकल्यासारखा, आणि भाच्याच्या पाठीत त्याने अशी थाप मारली की त्याला खोकला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन कोवळं असताना, होडी अंगणात पालथी ठेवलेली होती. फाटकापासून तळं चारशे पावलं.

"कुणी हात लावायचा नाही," आत्या म्हणाली. "मागे हात बांधा. सगळ्यांनी."

चौघांनी मागे हात बांधले. आत्या वाकली, एक कड धरली, गुडघ्यावर घेतली, हिसका दिला आणि होडी फिरून तिच्या डोक्यावर आली. आडवं लाकूड खांद्यांवर टेकलं. जिथे टेकायला हवं तिथेच. ती क्षणभर डोलली. कुणाच्या तरी तोंडून 'अगं' निघालं. मग ती सावरली आणि चालू लागली.

होडीखालून बाहेरचं काही दिसत नाही. दिसतात ती फक्त पायांखालची जमीन आणि आजूबाजूचे पाय. डावीकडे वहिनीच्या चपला, नेहमीसारख्या घाईत. उजवीकडे भाच्याचे बूट आणि त्यांच्या शेजारी सुनेचे, पावलाला पाऊल लावत. आणि समोर, पाच हातांवर, दादाचे पाय. उलटे चालणारे. कपाट दारातून बाहेर काढताना चालतो तसा तो तिच्याकडे तोंड करून मागे मागे चालला होता. "डावीकडे जरा. खड्डा आहे. हं. आता सरळ. सरळ ये."

शंभर पावलं झाली. दीडशे. खांदे बोलायला लागले, पण कंबर गप्प होती. आत्याला वरच्या प्लायमधून पिवळसर उजेड झिरपल्यासारखा वाटत होता, आणि छातीत आनंद इतका दाटला होता की श्वासाला जागा पुरेना. मग तिच्या लक्षात आलं, की पुढचं टोक जितकं जड लागायला हवं तितकं लागत नाहीये.

ती थांबली. समोरचे पायही थांबले.

"दादा, हात लावलास?"

"नाही."

"खरं सांग."

सुनेचा बूट भाच्याच्या बुटावर हलकेच आपटला.

"करंगळी," होडीबाहेरून आवाज आला. "फक्त करंगळी लावली होती."

"काढ."

"काढली."

आत्या उभी राहिली आणि वजन येण्याची वाट बघत राहिली. आलं. थोडंसंच, एका करंगळीएवढं. खांद्यांनी ते घेतलं. तिने पाऊल टाकलं. मग दुसरं. आता पूर्ण बावीस किलो तिचे होते, आणि चालता येत होतं. तिने पावलं मोजली नाहीत. बरीच चालली. वाट उताराला लागली, पायाखाली माती जाऊन गवत आलं, आणि गवताच्या पलीकडे, होडीच्या कडेखालच्या फटीतून, पाणी चमकताना दिसलं.

समोरचे ते पाय अजून उलटे चालत होते. जपून, चाचपत, टाच आधी टेकवत. सत्तर वर्षांचे पाय, आणि मागे पाणी.

"दादा," ती म्हणाली.

"अगं, नाही लावलेली. शपथ."

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "आता लाव."